विजेचा धक्का नेमका कसा बसतो

विजेचा धक्का बसला की ‘उघड्या वायरला हात लागला’ एवढेच कारण सहसा सांगितले जाते, आणि ते अपुरे आहे. तीच वायर, तेच व्होल्टेज आणि तोच माणूस असूनही एका वेळी बोटाला नुसत्या झिणझिण्या येतात आणि दुसऱ्या वेळी जीव जातो. हा नशिबाचा खेळ नसतो. शरीरातून किती प्रवाह गेला, तो कुठून शिरला व कुठून बाहेर पडला आणि किती वेळ वाहत राहिला, यांवर सगळे ठरते. या गोष्टी समजून घ्यायच्या तर आधी विद्युतप्रवाह म्हणजे काय, हे थोडे नीट पाहावे लागते.

तांब्याच्या तारेत प्रत्येक अणूमागे साधारण एक इलेक्ट्रॉन असा असतो, की जो कोणत्याही एका अणूशी बांधलेला नसतो. तारेच्या दोन टोकांमध्ये व्होल्टेजचा फरक निर्माण केला की हे मोकळे इलेक्ट्रॉन एका दिशेने सरकू लागतात, आणि या सरकण्यालाच आपण विद्युतप्रवाह म्हणतो. तारेच्या एखाद्या जागेतून दर सेकंदाला १ कूलोम प्रभार, म्हणजे सुमारे ६.२४ अब्ज अब्ज इलेक्ट्रॉन, पुढे जात असतील तर तो प्रवाह १ अँपिअर असतो. संख्या अवाढव्य असली तरी इलेक्ट्रॉनांचा वेग मात्र अगदीच मंद असतो. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेतून १ अँपिअर प्रवाह वाहताना ते सेकंदाला मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकेही पुढे सरकत नाहीत. घरातल्या विजेत तर प्रवाहाची दिशा सेकंदाला ५० किंवा ६० वेळा उलटसुलट होत असल्यामुळे ते जागच्या जागीच मागेपुढे होत राहतात.

मग बटण दाबताच दिवा कसा लागतो? सायकलच्या साखळीकडे पाहिले तर याचा उलगडा होतो. पायडल मारताच मागचे चाक फिरते, कारण साखळीची प्रत्येक कडी आधीपासूनच जागेवर असते आणि ओढ एकदम सगळ्या साखळीला बसते. पुढची कडी मागच्या चाकापर्यंत पोहोचण्याची वाट कोणी पाहत नाही. तारेतही इलेक्ट्रॉन आधीपासून भरलेलेच असतात. त्यांना मिळणारी ओढ मात्र प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास जाणाऱ्या वेगाने पसरते. साखळीची दुसरी बाब आपल्या विषयासाठी अधिक महत्त्वाची आहे. ती बंद वेढा असेल तरच काम करते, एक कडी निखळली की सगळे थांबते. विद्युतप्रवाहालाही असाच पूर्ण झालेला मार्ग लागतो, आणि जिथून तो निघाला तिथे त्याला परत पोहोचावेच लागते. विजेचा धक्का बसतो तेव्हा आपले शरीर या बंद मार्गाचा एक भाग झालेले असते.

व्होल्टेज या संकल्पनेबद्दल एक गैरसमज फार रुजलेला आहे. ‘या तारेत २३० व्होल्ट आहेत’ असे आपण सर्रास म्हणतो, पण व्होल्टेज एकाच जागी कधीच नसते. ते नेहमी दोन बिंदूंमधला फरक असते. २३० व्होल्ट याचा अर्थ असा, की १ कूलोम प्रभार एका बिंदूपासून दुसऱ्या बिंदूपर्यंत जाताना २३० ज्यूल ऊर्जा खर्च होते. उच्च दाबाच्या तारेवर बसलेल्या पक्ष्याला काही होत नाही, याचे कारण यातच आहे. त्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर, काही सेंटिमीटरच्या अंतरावर असतात, आणि तारेच्या तेवढ्या तुकड्यावरचा फरक व्होल्टच्या हजाराव्या भागाच्या घरात असतो. त्याच पक्ष्याचा पंख शेजारच्या दुसऱ्या तारेला किंवा जमिनीशी जोडलेल्या लोखंडी खांबाला टेकला, तर तो जागीच मरतो.

जमिनीवर उभे राहिल्याने मार्ग पूर्ण कसा होतो

इथे चौकस वाचकाला प्रश्न पडायला हवा. घरात येणाऱ्या दोन तारांपैकी आपण फक्त फेजला, म्हणजे वीज घेऊन येणाऱ्या तारेला हात लावला आणि न्यूट्रलला, म्हणजे परतीच्या तारेला लावलाच नाही, तर मार्ग पूर्ण झाला कुठे? याचे उत्तर आपल्या घरात सापडत नाही, ते ट्रान्सफॉर्मरपाशी सापडते. आपल्याला वीज पुरवणाऱ्या ट्रान्सफॉर्मरमध्ये न्यूट्रलचे टोक मुद्दाम जमिनीत पुरलेल्या इलेक्ट्रोडला जोडलेले असते. त्यामुळे आपल्या पायाखालची जमीन आणि न्यूट्रल ही विजेच्या दृष्टीने जवळजवळ एकच होतात. फेजला हात लागला की प्रवाह हातातून धडात, पायांतून जमिनीत आणि जमिनीतून थेट ट्रान्सफॉर्मरपर्यंत जातो. जमीन प्रवाह शोषून घेते अशी एक समजूत आहे, पण तसे घडत नाही; जमीन ही केवळ परतीची वाट असते.

न्यूट्रल जमिनीशी जोडलेच नाही तर हा धोका टळेल, असे यावरून वाटू शकते, आणि मर्यादित जागेत ते खरेही आहे. शस्त्रक्रियागृहांमध्ये काही ठिकाणी असा पुरवठा वापरतात, की ज्याची कोणतीही तार जमिनीशी जोडलेली नसते. तिथे एका तारेला स्पर्श झाला तरी परतीची वाट नसल्यामुळे धोकादायक प्रवाह वाहत नाही. पण मोठ्या वस्तीला वीज पुरवताना हे जमत नाही. तारांच्या पसाऱ्यात कुठेतरी एखादी तार जमिनीला टेकतेच, आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. शिवाय ट्रान्सफॉर्मरमध्ये बिघाड होऊन हजारो व्होल्टची बाजू घरगुती बाजूला चिकटली तर तो दाब थेट घरात शिरू शकतो. न्यूट्रल जमिनीशी जोडलेले असले तर अशा वेळी भरमसाट प्रवाह वाहून फ्यूज उडतो.

ही परतीची वाट हातात धरून पाहायची असेल तर वायरमनच्या खिशातला टेस्टर पाहावा. त्याच्या टोकाचा स्पर्श फेजला होतो, आतमध्ये साधारण दहा लाख ओहमचा रोध (प्रवाहाला होणारा अडथळा, जो ओहम या एककात मोजतात) असतो, त्यानंतर निऑनचा इवलासा दिवा आणि शेवटी धातूची टोपी, जिच्यावर आपण बोट ठेवतो. बोट ठेवल्याशिवाय दिवा लागत नाही, कारण मार्ग आपल्या शरीरातूनच पूर्ण होतो. टेस्टर पेटतो तेव्हा आपल्यातून खरोखरच वीज वाहत असते, फक्त त्या मोठ्या रोधामुळे ती पाव मिलिअँपिअरहून कमी असते आणि आपल्याला जाणवत नाही. तेच २३० व्होल्ट, तेच शरीर, तीच जमीन. मध्ये फक्त एक रोध जास्त आहे.

व्होल्टेज मारते की प्रवाह?

हा वाद जुना आहे, आणि माझ्या मते प्रश्नच थोडा चुकीचा विचारला जातो. शरीराला इजा करतो तो प्रवाह, पण तो प्रवाह ढकलणारे व्होल्टेजच असते. गेऑर्ग ओहम यांनी १८२७ मध्ये मांडलेला नियम सांगतो, की प्रवाह काढायचा तर व्होल्टेजला रोधाने भागावे. म्हणून व्होल्टेज कळल्यावर पुढचा प्रश्न उरतो, की मार्गात एकूण रोध किती आहे.

शरीराच्या आतले रक्त, स्नायू आणि पेशींमधला द्रव क्षारयुक्त पाण्याने भरलेले असतात, त्यामुळे आतला रोध फारसा नसतो; एका हातापासून दुसऱ्या हातापर्यंत तो काहीशे ओहम भरतो. खरे संरक्षण त्वचेच्या वरच्या कोरड्या, मृत थराचे असते. तळहात कोरडे असताना आणि व्होल्टेज कमी असताना हा रोध कित्येक हजार ओहम, कधी लाखाच्याही घरात जातो, म्हणूनच १२ व्होल्टच्या बॅटरीची दोन्ही टोके कोरड्या हातांनी धरली तरी काही जाणवत नाही. पण ही ढाल भरवशाची नाही. घाम आला, पाणी लागले, त्वचेला जखम असली की रोध झपाट्याने घसरतो. त्याहून वाईट म्हणजे व्होल्टेज शंभर-दोनशेच्या पुढे गेले की त्वचेचा हा थर स्वतःच निकामी होऊ लागतो. २३० व्होल्टला शरीराचा एकूण रोध साधारण १,००० ते २,००० ओहमच्या दरम्यान उरतो, आणि २३० ला १,५०० ने भागले तर प्रवाह येतो सुमारे १५० मिलिअँपिअर. हा आकडा पुढे पुन्हा लागेल.

मग घरच्या विजेचा झटका बसलेली इतकी माणसे सुखरूप कशी राहतात? कारण मार्गात शरीर एकटे नसते. कोरड्या रबरी चपला, कोरडी फरशी, लाकडी स्टूल यांचा रोध शरीराच्या रोधात मिळवला जातो, आणि तो शरीराच्या कितीतरी पट असतो. अशा वेळी वाहणारा प्रवाह त्या चपलांनी ठरवलेला असतो. ‘मला अनेकदा शॉक बसला आहे, काही होत नाही’ असे सांगणाऱ्या माणसाची मला खरोखर काळजी वाटते, कारण त्याने आपल्या चपलांची ताकद स्वतःच्या शरीराची समजली आहे. तोच माणूस एक दिवस ओल्या फरशीवर अनवाणी उभा असताना तीच तार धरतो, आणि या वेळी मधला रोध गायब झालेला असतो.

पाण्याविषयी एक खुलासा इथेच करायला हवा. अगदी शुद्ध पाणी विजेचे वाईट वाहक असते. पण नळाचे, पावसाचे साचलेले किंवा घामाचे पाणी कधीच शुद्ध नसते. त्यात विरघळलेल्या क्षारांचे आयन प्रभार वाहून नेतात. पाणी त्वचेत मुरून तिचा रोध कमी करते आणि स्पर्शाचे क्षेत्रफळही वाढवते. न्हाणीघरातला धक्का जास्त घातक ठरतो तो या दोन्ही कारणांनी.

शरीरात काय घडते

आपल्या नसा आणि स्नायू स्वतःच विजेच्या संकेतांवर चालतात. लुइजी गॅल्व्हानी यांनी बेडकाच्या पायांवर केलेले प्रयोग १७९१ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हापासून हे माहीत आहे, की बाहेरून दिलेल्या विजेने स्नायू आखडतो. विजेच्या धक्क्यात हेच घडते. मेंदूकडून येणाऱ्या नाजूक संकेतांवर बाहेरचा प्रवाह कुरघोडी करतो.

घरगुती विजेचा सुमारे अर्धा ते एक मिलिअँपिअर प्रवाह पहिल्यांदा झिणझिण्यांच्या रूपाने जाणवतो. त्याच्या दहापट झाला, म्हणजे १० मिलिअँपिअरच्या आसपास पोहोचला, की अतिशय भयंकर गोष्ट घडते: पकडलेली वस्तू सोडता येत नाही. बोटे मिटणारे स्नायू बोटे उघडणाऱ्या स्नायूंपेक्षा बळकट असतात. प्रवाहाने दोन्ही एकाच वेळी आखडले की मूठ आवळली जाते आणि सेकंदाला ५० वेळा होणारी उलटापालट तिला सैल पडू देत नाही. ‘वीज माणसाला ओढून घेते’ ही समजूत यातूनच आली असावी. वीज कोणाला ओढत नाही. माणसाची स्वतःचीच मूठ त्याला तारेला बांधून ठेवते. कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्राध्यापक चार्ल्स डॅल्झिएल यांनी स्वयंसेवकांवर काळजीपूर्वक प्रयोग करून ही मर्यादा मोजली, तेव्हा ती पुरुषांमध्ये सरासरी १६ आणि स्त्रियांमध्ये १०.५ मिलिअँपिअर भरली. लहान मुलांमध्ये ती याहून कमी असते.

प्रवाह २०–३० मिलिअँपिअरच्या पुढे गेला आणि छातीतून जात असला, तर श्वासाचे स्नायू आखडून श्वास अडकतो. त्यानंतर धोका येतो हृदयाला. हृदयाचे ठोके त्याच्या स्वतःच्या विद्युत संकेतांच्या ठरलेल्या क्रमाने पडतात. प्रत्येक ठोक्यात एक छोटासा कालखंड असा येतो, की ज्यात स्नायूचे काही तंतू पुढच्या संकेताला तयार झालेले असतात आणि काही नसतात. बाहेरचा प्रवाह नेमका त्या क्षणी पुरेशा जोराचा असला तर क्रम विस्कटतो. तंतू आपापल्या परीने थरथरत राहतात आणि रक्त पुढे ढकलले जात नाही. या अवस्थेला वेंट्रिक्युलर फिब्रिलेशन म्हणतात, आणि विजेच्या धक्क्याने होणारे बरेचसे मृत्यू याच कारणाने होतात. प्रवाह बंद केल्यावरही ती थरथर आपोआप थांबत नाही, हे फार महत्त्वाचे आहे. प्रेव्हो आणि बात्तेल्ली या दोन शास्त्रज्ञांनी १८९९ मध्ये जिनिव्हात दाखवून दिले, की लहान धक्क्याने सुरू झालेली ही थरथर मोठ्या, क्षणिक धक्क्याने थांबवता येते. आजचा डिफिब्रिलेटर याच तत्त्वावर चालतो.

इथे वेळेचे गणित निर्णायक ठरते. प्रवाह डाव्या हातातून पायांकडे जात असेल, तर सेकंदाच्या शंभराव्या भागापुरता वाहणारा सुमारे ५०० मिलिअँपिअर प्रवाह हृदय सहन करण्याची शक्यता असते. पण प्रवाह काही सेकंद वाहत राहिला तर ४०–५० मिलिअँपिअरही जीव घेऊ शकतात, कारण एका ठोक्याहून जास्त वेळ वाहणारा प्रवाह त्या नाजूक कालखंडाला गाठल्याशिवाय राहत नाही. मघाशी आलेले १५० मिलिअँपिअर या आकड्यांशेजारी ठेवून पाहावेत.

लोकरी कपडे काढताना किंवा दाराच्या मुठीला हात लावताना बसणारा स्थितिक विजेचा चटका काही हजार व्होल्टचा असतो आणि तरीही निरुपद्रवी असतो, याचे कारणही वेळेतच आहे. शरीरावर साठलेला प्रभार इतका थोडा असतो, की तो सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या आतच संपून जातो. उलट इन्व्हर्टर किंवा मायक्रोवेव्ह यांसारख्या उपकरणांमधले मोठे कॅपॅसिटर वीज बंद केल्यावरही बराच प्रभार धरून ठेवतात, त्यामुळे प्लग काढलेल्या उपकरणाच्या आत हात घालणेही जिवावर बेतू शकते.

फ्यूज आपल्याला वाचवतो का?

नाही, आणि हे अनेकांना धक्कादायक वाटते. फ्यूज किंवा एमसीबी (प्रवाह मर्यादेपलीकडे गेला की आपोआप पडणारा स्विच) वायरचे रक्षण करतो. ६ अँपिअरचा एमसीबी ६,००० मिलिअँपिअरपर्यंत शांत बसतो, आणि माणूस मरायला त्याच्या शंभराव्या भागाइतका प्रवाह पुरतो. माणूस तारेला चिकटलेला असताना एमसीबीच्या दृष्टीने घरात फारतर एखादा लहान दिवा लागलेला असतो.

एमसीबी माणसाच्या उपयोगी पडतो तो अर्थिंगच्या, म्हणजे उपकरणाचा धातूचा भाग जमिनीशी जोडणाऱ्या तारेच्या मदतीने. गिझरमधले आवरण फुटून फेज त्याच्या धातूच्या टाकीला टेकला, तर अर्थिंगची तार त्या प्रवाहाला अत्यंत कमी रोधाची वाट देते. शेकडो अँपिअर वाहतात आणि एमसीबी क्षणार्धात पडतो. अनेक तीन पिनी प्लगमध्ये अर्थची पिन जास्त लांब ठेवलेली असते, म्हणजे प्लग लावताना ती सर्वांत आधी जोडली जाते आणि काढताना सर्वांत शेवटी सुटते. ती पिन तोडून प्लग दोन छिद्रांच्या सॉकेटमध्ये बसवणे म्हणजे ही सगळी व्यवस्था हाताने मोडणे होय. विजेला सर्वांत सोपी वाट सापडली की ती बाकीच्या वाटांनी जात नाही, असेही मानले जाते. प्रत्यक्षात ती उपलब्ध असलेल्या सगळ्या वाटांनी, रोधाच्या व्यस्त प्रमाणात वाटली जाऊन वाहते. म्हणून अर्थिंग असताना पुरवठा झटपट बंद होणेही तितकेच आवश्यक असते.

माणसासाठी बनवलेले उपकरण म्हणजे आरसीसीबी. त्यातल्या गोल चुंबकीय गाभ्यातून फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारा जातात. जेवढा प्रवाह गेला तेवढाच परत आला तर दोघांचे चुंबकीय परिणाम एकमेकांना पुसून टाकतात. गेलेल्यातला काही भाग एखाद्याच्या शरीरातून जमिनीकडे वळला की हिशेब जुळत नाही, गाभ्याभोवतीच्या गुंडाळीत संकेत उमटतो आणि वीज तोडली जाते. घरगुती उपकरणात ही मर्यादा ३० मिलिअँपिअर ठेवतात, आणि गळती त्याच्या पाचपट असेल तर ते सेकंदाच्या पंचविसाव्या भागात काम करते. अमेरिकेत याच तत्त्वावरचे घरगुती उपकरण १९६१ मध्ये तयार करणारे संशोधक म्हणजे मघाशी उल्लेख आलेले डॅल्झिएलच. आरसीसीबी प्रवाह कमी करत नाही, फक्त त्याला वेळ मिळू देत नाही. त्यामुळे झटका जाणवतोच. आणि कोणी एका हाताने फेज व दुसऱ्या हाताने न्यूट्रल धरले, तर गेलेला सगळा प्रवाह परत येत असल्यामुळे आरसीसीबीला काही कळतच नाही.

न्यूट्रलविषयी एक सावधगिरी इथे सांगायलाच हवी. वायरिंग ठीक असताना न्यूट्रलला जमिनीच्या तुलनेत फारसे व्होल्टेज नसते, पण ती कुठे तुटली असेल तर दिव्यातून किंवा पंख्यातून आलेला फेज तुटलेल्या टोकापर्यंत पोहोचून तिथे थांबतो. दिवा लागत नाही, पंखा फिरत नाही, घर मेल्यासारखे वाटते, आणि त्या ‘निर्धोक’ तारेला हात लावणाऱ्याच्या शरीरातून मार्ग पूर्ण होतो.

तार पडलेली दिसली, कोणी चिकटलेले दिसले

जमिनीवर पडलेल्या उच्च दाबाच्या तारेजवळ स्पर्श न करताही धक्का बसू शकतो. तारेतून जमिनीत पसरणारा प्रवाह सभोवताली व्होल्टेजची उतरंड तयार करतो, आणि चालताना एक पाय दुसऱ्यापेक्षा तारेच्या जवळ पडला की दोन्ही पायांमध्ये फरक निर्माण होतो. गाई-म्हशींच्या पुढच्या व मागच्या पायांमध्ये अंतर जास्त असते आणि त्यांचे हृदय नेमके त्या मार्गात येते, त्यामुळे माणूस बचावला तरी जनावरे दगावतात. अशा जागी सापडल्यास पाय एकमेकांना चिकटवून, अगदी लहान पावलांनी सरकत दूर जावे.

घरात कोणी तारेला चिकटले असेल तर आधी मेन स्विच बंद करावा. तो जवळ नसेल तरच कोरडी लाकडी काठी किंवा प्लॅस्टिकची वस्तू वापरून, स्वतः कोरड्या जागी उभे राहून, तार किंवा माणूस बाजूला करावा. उच्च दाबाच्या तारेबाबत मात्र काठीही उपयोगाची नाही; वीज कंपनीने पुरवठा तोडल्याची खात्री होईपर्यंत लांबच थांबावे लागते. सुटका झाल्यावर माणूस बेशुद्ध असेल आणि नीट श्वास घेत नसेल, तर रुग्णवाहिका बोलावून लगेच छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल दाब देत राहावे, म्हणजे डिफिब्रिलेटर येईपर्यंत मेंदूला थोडे तरी रक्त मिळत राहते.

माणूस उठून बसला, बोलू लागला तरी डॉक्टरांना दाखवणे टाळू नये. वीज जिथून शिरली व जिथून बाहेर पडली तिथे त्वचेवर लहानसा डागच दिसत असला, तरी मधले स्नायू आतून भाजलेले असू शकतात, विशेषतः उच्च दाबाच्या धक्क्यात. अशा फुटलेल्या स्नायूंमधून रक्तात उतरणारे मायोग्लोबिन हे प्रथिन नंतर मूत्रपिंडे निकामी करू शकते, म्हणून लघवीचा रंग गडद, तपकिरी झालेला दिसल्यास तासभरही वाट पाहू नये.